आजोळी उडत जायचं, पण कशावर?

माझा भाचा भोरमध्ये दुचाकीच्या गॅरेजमध्ये काम करतो आणि त्याला उडायचं आहे. हे त्याने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. आमच्या खानदानात आजवर कुणी विमानात बसलं असेल तर ते उमऱ्याला जाताना. पण पोरगं हट्टी निघालं. दोन हिवाळे सुट्टीच्या दिवशी कामशेतला जाऊन तो पॅराग्लायडिंग शिकला. मावळातलं कामशेत हे त्या शिक्षणाचं जुनं ठिकाण. डोंगराच्या कडेवरून कापडी पंख वाऱ्यावर धरायचा, चार पावलं पळायचं आणि पाय जमिनीवरून सुटतात. मी एकदा बघायला गेलो होतो. खाली उभा राहून दुआ पढत होतो, आणि तो वरून हात हलवत होता.

आता त्याला पॅरामोटर घ्यायचं आहे. पंख तोच, फक्त पाठीवर इंजिन आणि त्याच्या मागे जाळीत फिरणारा मोठा पंखा. यासाठी डोंगर लागत नाही, सपाट रान पुरतं. भोरच्या एखाद्या मोकळ्या माळावरून उडावं आणि वेल्ह्याला, म्हणजे त्याच्या आजोळी उतरावं, हे त्याचं स्वप्न. त्याचं आजोळ म्हणजे माझं जन्मगाव. आता तालुक्याला राजगड म्हणायचं ठरलंय, पण आम्हा जुन्या लोकांच्या तोंडातून वेल्हेच निघतं.

एका जुम्म्याला नमाजनंतर तो वही घेऊन माझ्या घरी आला. "मामू, तुमारे पास बॅटरी की गाडी है. तुमीच बोलो, पेट्रोल का लूं के बॅटरी का?"

मी उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर. इंजिनातलं मला काय कळणार? पण गेली दोन वर्षं मी बॅटरीची स्कूटर चालवतोय हे खरं, आणि तिने मला एक धडा दिलाय तोही खरा. एकदा वेल्ह्याहून परतताना मार्गासनीच्या अलीकडे तिचा आकडा सहा टक्क्यांवर आला. सकाळी निघताना पुरेल असं वाटलं होतं, पण चढ आणि समोरचा वारा मी हिशोबात धरलाच नव्हता. एका घरासमोर थांबलो. तिथल्या वहिनींनी पडवीतला प्लग दिला, वर चहा दिला. दीड तास बसून त्यांच्या मुलाचं मराठीचं पुस्तक तपासलं आणि घरी आलो. म्हणजे चूक झाली तरी स्कूटर रस्त्याच्या कडेला उभी राहते. हवेत पडवी नसते. मी भाच्याला एवढंच म्हणालो, "आधी हिशोब मांड, मग बोलू."

त्याने हिशोब मांडला, आणि तो मला वर्गात शिकवावा इतका आवडला.

एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२ युनिट ऊर्जा असते. एक किलो बॅटरीत ०.२ युनिट, पूर्ण बॅटरी-पेटीचं वजन धरलं तर त्याहूनही कमी. आता पेट्रोलचं टू-स्ट्रोक इंजिन उधळं असतं. पाच भागांतला जेमतेम एक भाग कामाला लावतं, बाकीचा उष्णता आणि धूर होऊन जातो. विजेची मोटर मात्र दहातले नऊ भाग कामाला लावते. ही उधळपट्टी वजा केली तरी वजनाला वजन लावून पेट्रोल दहा-बारा पट पुढे राहतं. उडणाऱ्या माणसाला हे वजन पाठीवर घेऊन पळायचं असतं, म्हणून हा आकडा त्याच्या गुडघ्यांना कळतो.

व्यवहारात याचा अर्थ असा. एकट्या माणसाला सरळ उडत राहायला पाच-सहा किलोवॅट लागतात, वर चढताना त्याच्या दुप्पट-तिप्पट. चार युनिटची बॅटरी वीस किलोच्या आसपास भरते आणि साधारण ४० मिनिटं चालते. पेट्रोलची दहा लिटरची टाकी साडेसात किलोची, आणि इंजिन तासाला तीन-साडेतीन लिटर पीत असेल तर ती अडीच-तीन तास पुरते. शिवाय पेट्रोल जळेल तसं ओझं कमी होत जातं. बॅटरी संपली तरी तिचं वजन तेवढंच राहतं.

खर्चाची बाजू उलटी आहे. चार युनिट वीज म्हणजे घरच्या बिलात पन्नास-एक रुपये. तेवढ्याच वेळाला पेट्रोल आणि त्यात मिसळायचं ऑइल धरून अडीच-तीनशे रुपये. पण बॅटरीचे पैसे आधीच मोजलेले असतात. काही शे वेळा भरली-रिकामी केली की तिची ताकद उतरते, आणि नवी घ्यायची तर पुन्हा मोठी रक्कम. माझ्या आपाची, म्हणजे त्याच्या अम्मीची पहिली अट होती की व्याजाचा हप्ता घरात येणार नाही. त्यामुळे जे काही घ्यायचं ते साठवलेल्या पैशातून. आमच्या घरात एवढी रक्कम एकत्र फक्त घर बांधताना दिसली होती.

विजेच्या बाजूने बोलायला भाच्याकडे बरंच होतं. कार्बोरेटर नाही, प्लग काळा होत नाही, हादरे नाहीत, कपड्यांना वास नाही. आजकाल पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं, टाकीत पडून राहिलं तर पाणी तळाला बसतं, रबरी नळ्या आणि पडदे लवकर खराब होतात. टू-स्ट्रोकला हे सोसत नाही. मिश्रण पातळ झालं की पिस्टन तापून धरतो. असल्या जुन्या गाड्या गॅरेजमध्ये रोज येतात, म्हणून ते त्याला तोंडपाठ. मी विचारलं, "पण भोरची वीज?" तो हसला. "मामू, इथली वीज जाते ती पावसात. आणि पावसात उडायचंच नसतं." खरंच, जून ते ऑक्टोबर यंत्र कोपऱ्यातच राहणार.

आणखी एक मुद्दा त्याने मांडला, तो मला पटला. आमचा मुलूख सह्याद्रीच्या पाठीशी. कोकणातून वर चढलेला पश्चिमेचा वारा डोंगर ओलांडला की आडोशाला गरागरा फिरतो. उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या खडकावरून हवा उसळते. नवशिक्याने उडायचं ते उजाडल्यावर तासभर किंवा मावळतीआधी तासभर. मग तीन तासांची टाकी हवी कशाला? चाळीस मिनिटांत भोरच्या रानावर दोन फेऱ्या मारून खाली यायचं. एवढंच करायचं असेल तर बॅटरी पुरेशी आहे, आणि बरीही आहे.

मी नकाशा काढायला सांगितलं.

भोर ते वेल्हे सरळ रेषेत सत्तावीस किलोमीटरच्या आसपास. पॅरामोटरचा वेग ताशी ४० किलोमीटर धरला तर वारा नसताना बरोबर चाळीस मिनिटं. म्हणजे बॅटरीचा जीव जिथे संपतो तिथेच त्याचं आजोळ. समोरून ताशी १५ चा वारा लागला तर जमिनीवरचा वेग २५ होतो आणि वाट तासाच्या वर जाते. मार्गासनीची पडवी मला पुन्हा आठवली.

त्याहून वाईट गोष्ट रेषेच्या खाली होती. ती सरळ रेष भाटघर धरणाच्या पाण्याच्या अंगाअंगाने जाते. येसाजी कंक जलाशय. मैलोन् मैल दोन डोंगरांमध्ये पसरलेलं पाणी, आणि उन्हाळ्यात ते मागे सरलं की काठाला गाळ.

इथे मला एक गोष्ट नव्याने कळली. हवेत इंजिन बंद पडलं तर पॅरामोटर दगडासारखं कोसळत नाही. वरचा पंख असतोच, ते साधं पॅराग्लायडर होतं. तीनशे मीटर उंचीवर असाल तर शांत हवेत दोनेक किलोमीटर तरंगत जाऊन उतरता येतं. म्हणून जाणकार उडणारे सतत खाली एक रान हेरून ठेवतात: आत्ता बंद पडलं तर तिथे. खरी भीती पाण्याची. पाण्यात उतरलं की पाठीवरचं यंत्र माणसाला उलटं करून तोंड पाण्यात दाबतं, दोऱ्या अंगाभोवती गुंडाळतात, आणि पट्टे सोडायला काही क्षणच मिळतात. पट्टीचा पोहणाराही यात जातो. बॅटरीचं यंत्र असो की पेट्रोलचं, पाण्याला फरक पडत नाही.

मी वर्गात मुलांना अब्बास इब्न फिरनासची गोष्ट सांगतो. नवव्या शतकातला कुर्तुबाचा, म्हणजे स्पेनमधल्या कोर्डोबाचा विद्वान. अंगाला पिसं आणि पंख बांधून तो उंचावरून हवेत झेपावला, काही अंतर तरंगलाही, पण उतरताना जोरात आपटला आणि पाठ दुखावून बसला. पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतो हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, असं अल-मक्करी या इतिहासकाराने पुढे कित्येक शतकांनी लिहून ठेवलंय. मुलांना यातलं उडणं आवडतं. मला आता वय झाल्यावर शेपटीचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. उडण्याची तयारी त्याने पुरी केली होती, उतरण्याची राहिली. भाच्याला मी म्हणालो, "तू मला वर जायचं यंत्र विचारतोस. मी तुला खाली यायची जागा विचारतो."

त्यावर तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामू, बॅटरी मुझे एक और वजह से होना थी. आवाज नहीं होता उसका."

म्हटलं, त्यात काय? पंख्याचा आवाज तर राहणारच.

"पेट्रोलचं इंजिन दोन-तीन किलोमीटरवरून ऐकू येतं. लोक वर बघणार. कोण आहे विचारणार. कुणीतरी नाव सांगणार."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. चोवीस वर्षांचं पोरगं. गडांवर मित्रांबरोबर भटकलेलं, राजगडाची चोर दिंडी आणि तोरण्याची बुधला माची घरच्यासारखी माहीत असलेलं. त्याला ही काळजी कुणी शिकवली नाही, ती हवेतून लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासचे काही लोक असल्याच यंत्रांवरून इस्रायलमध्ये उतरले आणि ती चित्रं जगभर फिरली. तेव्हा त्याच्या गॅरेजमध्ये कुणीतरी मोबाइल पुढे करून म्हणालं होतं, "हे बघ, तुझं मशीन." म्हणणारा मित्रच होता आणि हसत म्हणाला होता. भाचाही हसला होता. पण ते वाक्य त्याने दोन वर्षं सांभाळून ठेवलं होतं.

मला पेट्रोलच्या बाजूने सगळ्यात जास्त कशाने वळवलं असेल तर या बोलण्याने. मी त्याला सांगितलं, याच कारणासाठी तू आवाज करून उड. जो गुपचूप जातो त्याच्याबद्दल लोक अंदाज बांधतात. ज्याचा फटफटाट तीन गावं ऐकतात, त्याचं दोन-चार महिन्यांत कुणाला काही वाटत नाही. वरंध घाटातून टेम्पो नेणाऱ्या त्याच्या अब्बांचा हॉर्न अख्खी आळी ओळखते, तसं व्हायला हवं. "तो बघा, गॅरेजवाला चालला." आपण इथले आहोत हे सांगायला मला दर वेळी भाषण करावं लागू नये, असं मला फार वर्षांपासून वाटतं. एखाद्या इंजिनाने ते काम केलं तर बिघडलं कुठे?

हे बोलताना मला पूर्ण खात्री होती असं मात्र नाही. लपू नको म्हणणं मामूला सोपं, वर एकटा असतो तो. म्हणून नुसता उपदेश करून भागणार नव्हतं, कागद करायला हवे होते.

इंजिन लावून उडायचं म्हटलं की विषय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत जातो. २०२२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण आणलं, त्यात पॅराग्लायडिंगबरोबर पॅरामोटरिंगचंही नाव आहे. माणसाची आणि यंत्राची नोंद, शिक्षण, कुठल्या आकाशात परवानगीशिवाय जायचं नाही, हे सगळं त्यात येतं. मुंबईत तर पोलीस वेळोवेळी आदेश काढून ड्रोन आणि पॅराग्लायडरवर बंदी घालतात. आमच्या उत्तरेला खडकवासल्याची एनडीए आहे, पुढे लोहगावचा हवाईदलाचा तळ. हे नियम हिंदूला एक आणि मुसलमानाला दुसरे असे नाहीत. पण चूक झाली तर कुणाला किती उत्तरं द्यावी लागतील, हे वाचकहो, तुम्हाला मी सांगायला नको. मग आपला कागद इतरांपेक्षा दोन बोटं जास्त चोख असावा. याला कुणी भीती म्हणेल, मी वहिवाट म्हणतो.

भाच्याला यात एक आधार सापडला. २०१६ साली भारतीय हवाईदलाच्या तुकडीने पॅरामोटरवरून देशाभोवती 'प्रदक्षिणा' मोहीम केली होती, दहा हजार किलोमीटरच्या आसपास. त्याचे व्हिडिओ त्याने आपाला दाखवले. "देखो अम्मी, फौजवाले भी यही उडाते."

आपाने व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. तिचं मत तिने तोवर दिलं नव्हतं. आम्हाला वाटलं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "आवाजवालं घे. तुझे अब्बा घाटातून येतात तेव्हा वळणावरून गाडी ऐकू आली की मी तवा ठेवते. तू उडालास हे मला कळलं तरी पाहिजे."

मी म्हटलं, "आणि आवाज बंद झाला तर?"

"तर उतरला असेल," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "उतरल्याबरोबर फोन करायचा. पहिले मला, नंतर दुनियेला."

असा निकाल पेट्रोलचा लागला. तो सगळ्यांसाठी नाही हे मुद्दाम लिहितो. कुणाला गावाजवळच्या एकाच रानावर, सकाळच्या गारव्यात अर्धा तास उडायचं असेल, इंजिन खोलायची हौस नसेल, शेजाऱ्यांची आणि जनावरांची झोप मोडायची नसेल, तर त्याने बॅटरीच घ्यावी. बॅटरी दर वर्षी हलकी होत चाललीय. आणखी दहा वर्षांनी हा लेख कदाचित हास्यास्पद ठरेल. पण आमच्या पोराला सत्तावीस किलोमीटर लांबच्या आजोळी जायचंय, पिस्टन-रिंग तो स्वतः बदलतो, आणि त्याच्या अम्मीला आवाज हवाय. प्रश्न कुठलं यंत्र चांगलं हा नव्हताच. कुठे जायचंय आणि उतरायचं कुठे, हे ठरलं तेव्हा यंत्र आपोआप ठरलं.

अटी मी लिहून दिल्या आणि त्याने सही केली. कामशेतच्या शिक्षणाला इंजिनाच्या शिक्षणाची जोड मिळाल्याशिवाय आणि परवानगी हातात आल्याशिवाय एकट्याने उडायचं नाही. सरळ रेषेने जायचं नाही. नसरापूर, मार्गासनी, वेल्हे अशी रस्त्याच्या अंगाची, शेतांवरची लांब वाट धरायची, म्हणजे खाली कायम उतरायला रान राहील. वाट दीडपट होते, पण टाकी पुरते. जातानाच पेट्रोल अर्ध्यावर आलं तर मागे फिरायचं, आजोळ कितीही जवळ दिसलं तरी. आदल्या सीझनचं पेट्रोल वापरायचं नाही. गडांच्या डोक्यावरून जायचं नाही, कड्यांना आग्यामोहोळं असतात आणि वर पर्यटक असतात. पंखा चालू करताना आसपास लहान पोरं नकोत.

इंजिन अजून आलेलं नाही. पैसे पुरे व्हायला आणखी एक सीझन जाईल. पण पहिली खरेदी झाली आहे. पाण्याचा स्पर्श होताच आपोआप फुगणारा आणि यंत्रासकट माणसाला वर धरणारा एक तरंगा असतो. पाण्यावरून जायचंच नाही असं ठरलंय, तरी तो आधी घेतला. नारिंगी रंगाची ती पिशवी आपाच्या कपाटात, ठेवणीतल्या कपड्यांशेजारी आहे.

मागच्या आठवड्यात पोलीस ठाण्यात द्यायच्या माहितीच्या अर्जाचा कच्चा मसुदा मी मराठीत तयार केला. नाव, पत्ता, व्यवसाय, यंत्राचा प्रकार, उड्डाणाची जागा, उतरण्याची जागा. शेवटी आलं 'उड्डाणाचा हेतू'. मी 'साहसी क्रीडा' लिहिलं. भाच्याने वाचलं, पेन मागितलं आणि पुढे आपल्या गॅरेजच्या गिचमिड अक्षरात भर घातली: 'व आजोळी जाणे'.

मास्तर म्हणून मी ते खोडायला हवं होतं. तसंच ठेवलं.